शेजाऱ्याची बाजू

१५ फेब्रुवारी २०२३

ऑर्विल,

हे पाकीट तू उघडलं असशील तर तेवढंच पुष्कळ आहे. गेल्या बारा वर्षांतल्या माझ्या पत्रांचं तू काय करतोस, असं मी मर्लमावशीला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "एका डब्यात टाकतो बाई. उघडतो की नाही ते त्या डब्यालाच ठाऊक." नेव्हिस बेटाच्या खाऱ्या हवेत कागदाची माती होते, तेव्हा डब्यात आहेत हेही नसे थोडके.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात. मम्मीच्याच घरात राहते, सोळा नंबरात. मम्मीच्या अंत्यविधीला तुला येता आलं नाही, तेव्हा कोविडमुळे विमानंच बंद होती. त्याबद्दल कुणी तुला बोल लावत नाही. इंग्लंडातल्या हिवाळ्यात काडीची सुधारणा झालेली नाही.

कामाचं म्हणशील तर मला आता प्रोफेसर म्हणतात. आपल्या लोकांना, म्हणजे नेव्हिससारख्या बेटांवरून इथे आलेल्यांच्या पोराबाळांना, डोक्यात भलते आवाज नि शंका भरवणारा सायकोसिस गोऱ्यांच्या कितीतरी पट जास्त का होतो, आणि झाला की ती पोरं डॉक्टरच्या दारातून न जाता पोलिसांच्या गाडीतून दवाखान्यात का पोचतात, हे मी पंचवीस वर्षं मोजते आहे. मोजल्याने काही कमी झालेलं नाही. मोजणारी मात्र मोठी झाली.

२०११ साली माझं एक व्याख्यान छापून आलं, त्यातला रुग्ण 'क्रमांक ८३' म्हणजे तूच हे तू ओळखलंस आणि मला एकच ओळ लिहून पाठवलीस: "मला विचारलं नाहीस." त्यानंतर तुझं अक्षर मी पाहिलेलं नाही. त्या एका ओळीतून मी एक नियम केला. कुणाबद्दल काहीही छापायचं असेल तर ते आधी त्याला वाचून दाखवायचं. तो नाही म्हणाला तर नाही. तो नियम आता माझ्या नावाने ओळखला जातो, बाहेरगावचे लोक शिकायला येतात. तो कुठून आला हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

आता पत्र लिहायचं खरं कारण. नव्या अभ्यासासाठी आम्ही पॅनेल बसवलं आहे. आजार स्वतः भोगलेले, त्यांच्या घरचे आणि वस्तीतले लोक. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये बसतो. आमच्याबद्दल बोलायचं तर आम्हाला शेजारी बसवून बोला, हा त्यामागचा विचार. काल पहिली बैठक झाली आणि शेवटच्या रांगेत कोण येऊन बसलं असेल? मिस्टर क्लॅक्स्टन. चौदा नंबरचे. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झालेत. तुला नेलं त्या दिवशी पोलिसांना फोन ज्यांनी केला असं अख्खी वस्ती म्हणते, तेच. त्यांना पाहून पॅनेलवरच्या मिस पर्लेटने आपली खुर्ची हातभर लांब ओढली.

मी नाव लिहून घेतलं आणि चहा दिला.  

आयोनी


१९ मार्च

ऑर्विल,

मर्लमावशी म्हणाली पाकीट डब्यात गेलं. जाऊ दे. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मंगळवारची गोष्ट सांगते. माझी एक स्लाइड आहे, वीस वर्षं दाखवते आहे. तुझ्या त्या ओळीनंतर मी त्यातून तुझा क्रमांक काढला, वय काढलं, रस्ता काढला. उरलं ते एवढंच: 'भर दुपारी एका तरुणाच्या घरी सहा पोलीस आले. दार ठोठावून विचारपूस करण्याऐवजी शेजाऱ्याने थेट पोलिसांना फोन केला होता.' ऐकणारे हळहळतात. मी तिथे क्षणभर थांबते. कुठे थांबायचं हे एव्हाना मला पाठ झालं आहे.

त्या दिवशी मी ती स्लाइड काढून ठेवणार होते. विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही, तिच्याशिवाय पुढचं बोलता येत नाही म्हणून ठेवली.

मिस पर्लेट लगेच सुरू झाली. तिच्या भावालाही असंच नेलं होतं, आठवतं ना? "शेजारी कसले, वैरी. हाक मारायला तोंड नाही, फोन फिरवायला बोट बरं आहे."

"सगळेच तसे नसतात," पास्टर म्हणाले.

"सगळे नसतात पास्टर, पण जे असतात ते पुढे पॅटी खायला येऊन बसतात."

दोघीतिघी हसल्या. मिस्टर क्लॅक्स्टन खरंच पॅटी खात होते. त्यांनी मांडीवर सांडलेला चुरा बोटाने टिपून कागदी रुमालात घेतला, रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. "छान बोलतेस पोरी. तुझ्या आईने ऐकायला हवं होतं."

"थँक यू, मिस्टर क्लॅक्स्टन."

"एक विचारू? तो तुमचा नियम आहे ना, वाचून दाखवायचा?"

"हो."

"मग त्या शेजाऱ्याला कुणी वाचून दाखवलं का?"

मी रिकामे कप गोळा करू लागले. ते म्हणाले, "नाही, सहज विचारलं," आणि टोपी घालून हळूहळू निघून गेले. ऑर्विल, पंचवीस वर्षं मी लोकांना विचारत हिंडले. आजाऱ्यांना विचारलं, आयांना विचारलं, एकदा तर पोलिसांनाही विचारलं. भिंतीपलीकडच्या माणसाला विचारलं नाही. त्याचं कारण तुला पुढच्या पत्रात लिहीन. आज धीर होत नाही.

आयोनी


२ एप्रिल

ऑर्विल,

तो फोन मी केला होता.

तीन वेळा कागद फाडला. शेवटी हे वाक्य सगळ्यात वर लिहिलं, म्हणजे तू एवढंच वाचून पाकीट मिटलंस तरी चालेल.

१९९६, कार्निव्हलच्या मिरवणुकीनंतरचा मंगळवार. रस्त्यात अजून पिसं आणि बाटल्या पडल्या होत्या. मी पंचवीसची, युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आलेली, मानसशास्त्र शिकत असल्याचा ताठा अंगात. तू बावीसचा. नऊ दिवस तू झोपला नव्हतास. खिडक्यांना स्वयंपाकाची चंदेरी फॉइल लावली होतीस, रेडिओ खोलून टाकला होतास, फोनची वायर उपटली होतीस. मम्मीला स्वयंपाकघरातून हलू देत नव्हतास. "बाहेर ते उभे आहेत, तू इथेच थांब," एवढंच म्हणत होतास. तुझ्या हातात सुरी होती. मी मागच्या दाराने निघाले आणि चौदा नंबरात गेले.

मिस्टर क्लॅक्स्टन दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला साबण तसाच. मी फोन मागितला. ते म्हणाले, "थांब, मी जातो. माझं ऐकतो तो." तुझं त्यांच्याशी डॉमिनोच्या खेळामुळे जमायचं हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "त्याच्याकडे सुरी आहे," आणि नंबर फिरवला. पोलिसांनाही तेच सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला नाही. त्यांचा गुन्हा असलाच तर तेवढाच.

पुढचं तुला माहीत आहे. जिना, सहा माणसं, तुझा निखळलेला खांदा.

संध्याकाळी पोलीस मम्मीला म्हणाला, "चौदा नंबरातून फोन आला होता." मम्मीने माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत होते. मी गाळतच राहिले.

वाटलं, आठवड्याने सांगू, मम्मी जरा सावरली की. मग मिस्टर क्लॅक्स्टननीच कसं सांगितलं नाही याचं नवल करत बसले. मग नाताळ आला. दरवर्षीप्रमाणे त्यांच्याकडून भिंतीवरून काळ्या केकची ताटली आली. आणि मम्मीने, जिने जन्मात कुणाची ताटली रिकामी परत केली नव्हती, तिने ती धुऊन पुसून रिकामी भिंतीवर ठेवली. मी खिडकीतून पाहत होते. ते आले, ताटलीकडे बघत थोडे थांबले आणि घेऊन गेले. त्यानंतर वस्तीला वेगळं काही सांगावं लागलं नाही. डॉमिनोच्या टेबलावर त्यांच्यासाठी जागा होईना. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसेना. पुढे त्यांची बायको गेली तेव्हा मम्मी खाऱ्या माशाचं पातेलंसुद्धा घेऊन गेली नाही.

दोन वर्षांनी मला पहिली नोकरी लागली. शहरात सायकोसिसने पहिल्यांदा दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाची फाइल काढून मोजायची. त्यात तू त्र्याऐंशीवा निघालास. मी घरची, म्हणून तुझा फॉर्म दुसऱ्याने भरला. 'फोन कोणी केला: शेजारी.' मी तो वाचला आणि गठ्ठ्यात ठेवला. पुढे त्याच गठ्ठ्यावर माझं नाव उभं राहिलं.

मम्मीला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिची ती नारळ किसायची लांब पत्र्याची किसणी त्या झटापटीत वाकली होती. मी नवी आणून दिली, ती कपाटात गेली. म्हणायची, "राहू दे. हिचा वाक मला माहीत आहे." जुनी अजून खिळ्याला टांगलेली आहे. हे मध्येच का लिहिलं कोण जाणे. घर आवरताना हाताला लागली होती.

तू रागवावंस म्हणून लिहिलेलं नाही. माफ करावंस म्हणूनही नाही. खरं तर त्यासाठीच लिहिलं आहे.

आयोनी


३० एप्रिल

ऑर्विल,

मिस्टर क्लॅक्स्टन दवाखान्यात आहेत, छातीत पाणी झालं आहे. काल भेटून आले. उशाशी ऑक्सिजन, गालाची हाडं वर आलेली, डोळे मात्र तसेच मिस्कील.

मी सगळं बोलले. म्हटलं, पॅनेलपुढे सांगणार आहे, नऊ मेच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत टाकलंय.

"कितवं?"

"सातवं."

"सहाव्यापर्यंत लोक पांगतात पोरी." ते हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

मी विचारलं, तुम्ही का नाही सांगितलंत? एवढी वर्षं?

"तुझ्या आईचं एक लेकरू त्या दिवशी गेलं. दुसरं मी काढून घ्यायचं होतं का?" मग नाकावरची नळी सारखी करून म्हणाले, "आणि मला वाटायचं, तू सांगशील. आज नाही तर उद्या. पहिली दहा वर्षं तर रोज वाटायचं."

मी म्हटलं, नऊ तारखेला पहिल्या क्रमांकावर घेते. ते म्हणाले, "बघू. मला घरी सोडलं तर येईन. पॅटी ठेव."

तिथूनच गाडी वळवून मिस पर्लेटच्या दारात जायला हवं होतं, पास्टरांना फोन करायला हवा होता. पण आमच्या कामात सवय लागते रे. सगळं बैठकीत, सगळ्यांसमोर, कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे. घरी आले आणि सातवा मुद्दा पहिला करून पत्रिका पुन्हा छापली.

आयोनी


२१ मे

ऑर्विल,

ते शुक्रवारी गेले, पाच तारखेला. मंगळवारपर्यंत थांबले नाहीत. बैठक मी रद्द केली, त्यांच्याशिवाय सांगायचा धीर झाला नाही.

परवा पुरलं. आपल्याकडे खड्डा आपणच भरतो, हे तुला सांगायला नको. कबरस्तानाचं यंत्र लांब उभं राहतं, पुरुष कोट काढून फावडी घेतात आणि माती पुरी पडेपर्यंत बायका गात राहतात. मम्मीच्या वेळी बंधनं होती तरी कुंपणाबाहेर लोक उभे होते. मिस्टर क्लॅक्स्टनसाठी अकरा जण आले. फावडं धरणारे दोन, जावई आणि पास्टर. पास्टर सत्तरीचे. गाणाऱ्या आम्ही पाच. तीन गाणी संपली तरी अर्धा खड्डा उघडाच. मिस पर्लेट आली होती. का आली ते तिलाच माहीत.

मी पर्स खाली ठेवली आणि पास्टरांच्या हातून फावडं घेतलं. दोन फावडी माती टाकली. तिसरं भरलं आणि तसंच धरून म्हणाले, "फोन मी केला होता. ऑर्विलच्या वेळी. ह्यांनी नाही."

गाणं थांबलं. "काय म्हणालीस?" मिस पर्लेटने विचारलं.

मी परत सांगितलं, सगळं, साबणाच्या फेसासकट. त्यांची मुलगी जोसिलिन समोर उभी होती. तिने एवढंच विचारलं, "बाबांना माहीत होतं की तू सांगितलेलं नाहीस?"

"हो."

"आमच्या आईला?"

"माहीत नाही."

तिने माझ्या हातातून फावडं काढून घेतलं. ओढलं नाही, नुसतं काढून घेतलं. "मग हे तू भरायचं नाहीस," म्हणाली.

मी बाजूला झाले.  मिस पर्लेटने हातमोजे काढले, टोपी माझ्याकडे दिली आणि जोसिलिनकडचं फावडं घेतलं. पंच्याहत्तर वर्षांची बाई. दर फावड्याला म्हणत होती, "माफ करा, सॅम्युएल." मी तिची टोपी धरून उभी राहिले. मला गाता आलं नाही.

युनिव्हर्सिटीला कळवलं आहे. चौकशी बसेल, बसू दे. जुने शोधनिबंध दुरुस्त होतील. दुरुस्तीचं पान सोबत जोडलं आहे. नियमाप्रमाणे ते दोघांना वाचून दाखवायला हवं होतं. एकाच्या बाबतीत उशीर झाला. दुसरा तू. पान असं आहे:

'क्रमांक ८३ ची नोंद चुकीची होती. तरुणाच्या हातात सुरी होती. त्याच्या बहिणीने शेजाऱ्याच्या घरातून पोलिसांना फोन केला. शेजारी, श्री. सॅम्युएल क्लॅक्स्टन, यांनी तिला थांबायला सांगितलं होतं आणि स्वतः जाऊन बोलण्याची तयारी दाखवली होती. ही बहीण म्हणजेच प्रस्तुत लेखिका.'

समासात जागा सोडली आहे. पाकिटात पेन्सिलही घातली आहे, तुझ्याकडे असेलच, तरी. हो किंवा नाही, एवढं लिही.

आयोनी


२७ ऑगस्ट

ऑर्विल,

पान परत आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी ते दोन दिवस शेल्फवर ठेवलं, मग उघडलं. तू समासात लिहिलेलं इथे जसंच्या तसं उतरवते आहे. मी बरोबर वाचलं की नाही ते तू बघ.

'बहिणीने फोन केला: बरोबर. मला माहीत होतं. मी सात महिने आत होतो. क्लॅक्स्टन दर रविवारी यायचे, दोन बस बदलून. आम्ही डॉमिनो खेळायचो. ज्याने फोन केला असेल तो माणूस एकदा तरी माफी मागेल. त्यांनी कधीच मागितली नाही. त्यावरून कळलं, फोन त्यांचा नव्हता, त्यांच्याकडे पळालेल्या तुझा होता. मीही मम्मीला बोललो नाही. तेही पानावर घाल.

हातात सुरी होती: चूक. किसणी होती. नऊ दिवस मी काही खात नव्हतो, सगळ्यात कुणी काहीतरी कालवलंय असं वाटायचं. नारळात कुणाला काही घालता येत नाही. मम्मी म्हणाली, फोड एक, मी तुला पिठात नारळ घालून डंपलिंग करते. मी किसत होतो. तू दारातून पाहिलंस आणि पळालीस. तू सुरी म्हणालीस म्हणून सहा जण आले. हे दुरुस्त कर, मग छाप.'

ऑर्विल, मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. फॉइल लावलेल्या खिडकीतून फटीएवढं ऊन येत होतं हे आठवतं. तुझ्या हातात काहीतरी चमकलं हे आठवतं. सुरीची मूठ आठवायला गेले तर ती येतच नाही. कधीच आली नव्हती, आणि सत्तावीस वर्षांत मी एकदाही ती शोधली नाही. पोलिसांच्या कागदावर सुरी, दवाखान्याच्या फाइलवर सुरी, 'शस्त्र: होय'. त्यानंतर ज्या ज्या डॉक्टरने तुला तपासलं त्याने आधी ते वाचलं असणार. चूक कबूल करायला बसले तेव्हाही मी तीच पुन्हा लिहिली.

आणि मम्मी तर तिथेच होती. तिचं पीठ मळून तयार असेल. ती जन्मभर ती वाकलेली किसणी वापरत राहिली आणि मला फक्त एवढंच म्हणाली की हिचा वाक मला माहीत आहे. सुरी कुणी सांगितली हे तिने मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चहा गाळत राहिले असते.

किसणी खिळ्यावरून काढली आहे. एका टोकाला वाकली आहे, तिथे दाते बोथट झालेत. पोस्टात विचारून आले, पत्र्याच्या वस्तूला हरकत नाही म्हणाले. हवी असेल तर पाठवते.

सुरी खोडून किसणी लिहिलं आहे. तू गप्प राहिलास तेही घातलं आहे, तुझ्याच शब्दांत. जोसिलिनलाही एक प्रत पाठवली, तिचं अजून उत्तर नाही. नवं पान सोबत जोडलं आहे. वाचून बघ, आणि आणखी काही मी चुकीचं पाहिलं असेल तर तेही लिही.

आयोनी